सांग, वात कुठंय?

कापसाची वात वळायला घेतली की आई आठवते. अठ्ठ्याहत्तर साली स्टोव्हचा भडका उडाला नि माझा उजवा हात भाजला. जखम भरली, पण तळव्याला स्पर्शच कळेना. आई चांदवडहून आली. पंचवटीतल्या आमच्या ओट्यावर मला डोळे मिटायला लावून रोज तळव्यावर वात टेकवायची, "सांग बाई, कुठंय?" तिचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून एकदा मी पापणीआडून पाहिलं नि म्हटलं, "अंगठ्यापाशी." "आलं गं कळायला!" म्हणत ती रडली, निर्धास्त होऊन गावी गेली. दोन महिन्यांत ती गेल्याचाच निरोप आला. तिच्या पावलांवर हात ठेवला, तर तळव्याला गार लागलं. खरंच लागलं हो! आता वात टेकलेली नीट कळते, पण विचारतंय कोण?