टंगस्टनखाली गंगेच्या गडूचा पत्रा

मंगळवारी गंगेकाठी, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, आमच्या वेल्डिंगच्या दुकानात, जो धातू प्लाझ्माला भीत नाही त्याचे मी दोन तुकडे केले... तेही साध्या पान्याने.

धातू म्हणजे टंगस्टन. आणणारी आमच्याच मोहल्ल्यातली, मराठी घरातली, पीएचडी करणारी... नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी कमेंटमध्ये शहाणपणा करू नये.

सूर्यात जे चालतं ते इथे रिॲक्टरमध्ये घडवायचं, त्याला फ्यूजन म्हणतात. त्याच्या आतल्या भिंतीवर, जिथे प्लाझ्माचा, म्हणजे धगधगत्या वायूचा, मारा सगळ्यात जास्त, तिथे टंगस्टन बसवतात. तिच्याकडे नखाएवढ्या दोनच चकत्या होत्या आणि गुरुवारी लॅबच्या प्लाझ्मा मशीनवर तिचा नंबर. तो हुकला तर पुढचा कधी, कुणालाच ठाऊक नाही.

मला फक्त चकती एका तांब्याच्या ठोकळ्यावर घट्ट बसवायची होती. ठोकळ्याच्या आतून पाणी फिरतं. ती समोर उभी... मी कॉलेज अर्धवट सोडलेला, म्हटलं आज दाखवूच. पाना लावला, अजून अर्धा फेरा दिला... कट्.

दुकानाचे मालक, आमचे चाचा, हसले. "क्या गुरू, लोहा समझ लिया था?" माझं डोकं सटकलं. पाना आपटला आणि तिलाच म्हणालो, "तुझा मालच कच्चा आहे."

"थंड असताना तो काचेसारखा ठिसूळ असतो," ती म्हणाली. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पण तुला विचारायचं सुचतं कधी?"

मग विचारलं... सैल ठेवू का? "नाही रे. तो एकटा थोडाच सहन करतो? वरची उष्णता मागच्या पाण्याला देत राहतो म्हणून टिकतो. मध्ये फट राहिली की उष्णता अडकणार आणि वरचा भाग वितळणार."

म्हणजे आवळला तर तुटणार, सैल ठेवला तर वितळणार.

यात्रेकरू गंगाजल नेतात त्या तांब्याच्या गडूंची तोंडं डाख देऊन बंद करायचं कामही आमच्याकडे येतं. त्यातला एक फुटका गडू पडला होता. त्याचा पातळ पत्रा कापला, लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला... असं केलं की तांबं मऊ पडतं. तो दुसऱ्या चकतीखाली घातला आणि पाना दोन बोटांत धरून, थोडा या बाजूने थोडा त्या बाजूने, स्क्रू आवळत गेलो. पत्रा दबला, चकती बसली.

"हे कुणी शिकवलं तुला?" कुणीच नाही, म्हटलं. मग तिने सांगितलं की खऱ्या रिॲक्टरमध्येही टंगस्टन आणि पाण्याची नळी यांच्यामध्ये मऊ तांब्याचा थर देतात. तापल्यावर दोघं सारखे फुगत नाहीत, तो ताण तांबं झेलतं. मी म्हटलं, अंदाज होताच मला. अजिबात नव्हता.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. चकती वरून खरखरीत झालीय, पण एक तडा नाही. "पुढचे सगळे होल्डर तूच करायचेस. पाना न आपटता."

करणारच. सगळे मलाच शाबासकी देतायत, पण खरी गोष्ट वेगळी आहे. पहिली चकती मोडून, वर तिच्यावरच ओरडून पाच मिनिटं झाली नव्हती, तेव्हा शेवटची उरलेली चकती तिने माझ्याच तळहातावर ठेवली होती... बाकीचं तिला तोंडावर सांगणार आहे. इथे नाही.