तीन वेळा कापलेला फोन

तिसऱ्यांदा वाजला तवाबी मीच कापला. नंबर ओळखीचा नव्हता, आन् आमच्या आरूनं दोन दिसांच्या तापानंतर पयल्यांदा तोंड उघडलं हुतं, फोनातल्या हत्तीकडं बघत मऊ भात गिळत हुता... हत्ती गेला की भोकाड, आन् घास भाईर. म्हणून कापला. चौथ्यांदा ह्येंचा नंबर आला, हळदीच्या बाजारातनं. "फोन का उचलंनास गं? दिपीला टेंपोनं उडवलंय!" आरूला काखंला मारून मी अनवाणी पळाले. दवाखान्यात पोचले तवा सगळं झालं हुतं.

दिपाली माझी धाकटी नणंद. आटपाडीसनं सांगलीला आमच्याकडं एमए शिकायला आलेली. मी आठवीतनं शाळा सोडलेली, पर तिनं मला कवा कमी लेखलं न्हाई. घरात मोठा फोन एकच, हे नुसता बटणाचा घेऊन बाजारात जायचे. कॉलेजच्या नोट्स त्या एका फोनावर यायच्या, आन् आरूचं जेवणबी त्याच्यावरच. सुरवातीला दिपी त्याच्या शेजारी बसायची, म्हणायची, "तुजा हत्ती संपू दे, मग माजं अर्थशास्त्र." हत्ती काय संपायचा न्हाई. मग ती मैत्रिणीच्या फोनावरनं झेरॉक्सच्या दुकानात नोट्स पाठवायला लागली. कागदाचा गठ्ठा आणायची, पेन्सिलीनं खुणा करायची, आन् वर मोठ्या अक्षरात नाव आन् आमचा नंबर लिवायची, कारण एकदा एसटीत एक गठ्ठा इसरून आली हुती.

मी टोचायची, "आगं सगळी पोरं फोनवर वाचत्यात, तुलाच कागदाचं डव्हाळं लागल्यात व्हय?"

"व्हय वैनी. तुजं झाल्यात की, आता माजी पाळी." आन् खिदळायची. "कागदावरचं डोक्यात बसतं. फोनात बोट सरकतं, आन् वाचलेलंबी सरकून जातं."

मला पटलं. सोयीचं हुतं म्हणून पटलं.

त्या दिवशी दुपारी नवीन नोट्स आल्या, दुसऱ्या दिवशी पेपर. तिनं हात पुढं केला, "वैनी, अर्धा तास दे फकस्त." मी म्हणलं, "पोराला दोन घास जाऊ देत आधी. तुला कागदच लागतोय न्हवं? जा की झेरॉक्सला."  तिनं आरूच्या गालाला हात लावला, "खा रं वाघा," म्हणली, आन् चपला घालून गेली...

झेरॉक्सवाला दहाव्याला आला. त्याच्या दुकानाम्होरंच झालं हुतं. म्हणला, "शुद्धीवर हुती ओ. गठ्ठ्यावरचा नंबर तिनंच दावला. वैनी उचलंल, वैनी उचलंल, म्हणत हुती. तीनदा कापला, तवा मग भावाचा नंबर सांगितला." डॉक्टर म्हणलेत, लवकर कळून काय उपेग झाला नसता. पर माजा आवाज तर तिच्या कानावर पडला असता...

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या बाई येऊन गेल्या. पोरांना अभ्यासाला छापील आवडतं का मोबाईल, आसं त्यांनी वर्गात लिवून घेतलं हुतं. दिपीचा कागद माझ्या हातात दिला. एकेक अक्षर लावत मी दोनदा वाचला. खूण 'मोबाईल'वर हुती. खाली लिवलेलं, "मला मोबाईलवर वाचायला आवडते. पण घरी फोन एकच आहे आणि माझा भाचा त्याशिवाय जेवत नाही. कृपया हे वर्गात वाचून दाखवू नये."

मला, तिच्या वैनीला, वाईट म्हणू नये कुणी, म्हणून.

बाई मला म्हणल्या, ह्ये सगळं जसं बोलतीस तसं लिही. म्हणून लिवलं.

तो शेवटचा गठ्ठा तांदळाच्या डब्यावर हाय, तिच्या नेहमीच्या जागी. एका कोपऱ्याला टायरचा वळ. तांदूळ काढताना रोज उचलून परत तिथंच ठेवते, वरचा नंबर आमचाच... काल आरू पुन्ना जेवंना. चिमणी दावली, वाटी वाजवली, शेवटी फोनच दिला. तोंड उघडलं त्यानं, आन् तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. आता दरेक नंबर उचलते मी. कसली तरी जाहिरात हुती. आरू रडून रडून उपाशीच झोपला.

पर त्या दिवशी, दोन दिसांचं तापलेलं पोर पयला घास गिळतंय, आन् कुणाचा तरी फोन येतोय... तुमी आसता माझ्या जागी, तर खरं सांगा, काय केलं आसतं?