गुणतक्ता खालून वाचणाऱ्या बाई

"वरून काय वाचायचं, सर? आपली माणसं खाली आहेत."

त्या वर्षी दर सोमवारी सकाळी आमच्या पीटीच्या बाई हे वाक्य मला ऐकवत. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीबाहेर एक जुना फळा टांगलेला होता. त्यावर बाई खडूने फ्रान्समधल्या बायकांच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचा गुणतक्ता लिहीत. बडोद्यातल्या शाळेच्या भिंतीवर फ्रान्सची लीग! बारा संघ, बारा ओळी. पण बाई सुरुवात करत बाराव्या ओळीपासून. उकिडवं बसून, मांडीवर वही ठेवून, आधी शेवटचा संघ, मग अकरावा, मग दहावा. पहिल्या तीन-चार संघांपर्यंत पोचेतो घंटा व्हायची आणि वरच्या ओळी कोऱ्याच राहायच्या. "त्यांचं त्या बघून घेतील," म्हणून बाई हात झटकत.

तळाच्या त्या संघात आमची हेतल होती.

शाळेत बाईंना सगळे 'बेन' म्हणत. आम्ही दोघं मराठी, म्हणून मी 'बाई' म्हणायचो. त्या राहायच्या बडोद्यातल्याच अकोट्याला, थोरल्या भावाकडे. आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. घरात सगळे वकील, नाहीतर प्राध्यापक. बाई तेवढ्या खो-खो खेळत वाढल्या. फुटबॉल त्या जन्मात खेळल्या नव्हत्या. शाळेत नोकरीला लागल्या त्या वर्षी कुणीतरी शाळेला फुटबॉलचं एक खोकं भेट दिलं होतं आणि ते कपाटावर धूळ खात पडलं होतं. बाईंनी ते खाली काढलं, नियमांचं पुस्तक आणलं आणि पुस्तक एका हातात धरून मुलींना शिकवायला लागल्या. पुढे पुस्तकाची गरज संपली. स्कूटरच्या पुढे चेंडूंची जाळी, गळ्यात शिट्टी, सलवार-कमीजवर पांढरे कॅनव्हासचे बूट अशा त्या साडेसहाला मैदानावर हजर असत. मुलगी पडली, हरली, चिडली, की बाईंचं ठरलेलं वाक्य होतं, "रडायचंय ना? पळत पळत रड." आणि मुली खरंच नाक पुसत पळत असायच्या. तुम्ही कधी पाहिलंय का असं दृश्य? मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून वीसेक वर्षं पाहिलं.

हेतल सापडली त्यात माझाही थोडा हात आहे, आणि हे सांगायची संधी मी सोडत नाही. ती सातवीत होती. अपूर्णांकांशी तिचं कधी जमलं नाही. एकदा वर्गात शेजारणीचा कंपासपेटीला धक्का लागला, पेटी बाकावरून निसटली, आणि खिडकीबाहेर बघत बसलेल्या हेतलने मान न वळवता ती एका हाताने अधांतरी पकडली. स्टाफरूममध्ये मी हे गंमत म्हणून सांगितलं. बाईंनी हातातला चहा तसाच ठेवला.

"कोणता वर्ग?"

"सातवी ब."

त्या उठून गेल्यासुद्धा. चहा गार झाला.

तीन वर्षांनी मात्र मी बाईंच्या विरुद्ध बाजूला होतो. हेतलच्या वडिलांचं मांजलपूरला झेरॉक्सचं छोटं दुकान. मुलगी दहावीत, सहामाही परीक्षेत गणितात नापास. ते शाळेत आले आणि हात जोडून म्हणाले, "बेन, हवे दीकरीने भणवा दो ने." आता मुलीला शिकू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी त्यांचीच री ओढली. फुटबॉलवर कुणाचं पोट भरलंय, असंही काहीतरी बोललो. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुम्हीही मांजलपूरलाच राहता. रोज सकाळी पाच ते सहा तुम्ही तिला गणित शिकवा. मी आणून सोडते. सहानंतर ती माझी."

आणि खरंच, हिवाळाभर पहाटे अकोट्याहून स्कूटर यायची. हेतलला घरून उचलून बाई माझ्या दारात हजर. तिला सोडून परत जायच्या नाहीत. मागे खुर्चीवर बसून, स्वेटरची बाही वर सारून, स्वतःही गणितं सोडवायच्या. एकदा हेतलच्या आधी बाईंचं उत्तर आलं, आणि त्या इतक्या खूश झाल्या की तिला अख्खा दिवस ऐकवलं. हेतल पास झाली. बाईही झाल्या असत्या.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. राज्याचा संघ, मग दुसऱ्या राज्यातला एक क्लब, आणि एक दिवस बातमी आली की फ्रान्समधल्या एका लहान गावच्या क्लबने हेतलला घेतलंय. क्लब त्याच वर्षी वरच्या लीगमध्ये चढला होता. त्यांना तिसरी गोलकीपर हवी होती. तिसरी, म्हणजे पहिल्या दोघींना काही झालं तरच उभी राहणारी. गावाचं नाव बाईंना कधी नीट उच्चारता आलं नाही. "अर्धी अक्षरं लिहायची आणि गिळायची, ही कसली रीत?" म्हणत त्यांनी त्याचं 'हेतलचं गाव' करून टाकलं. फळ्यावरही तेच लिहायच्या.

फ्रेंचमधला एकच शब्द बाईंना मनापासून आवडला. मोबाइलवर सामना चालू असताना गोलकीपरने चेंडू अडवला की तिथला समालोचक 'आरे!' असं ओरडायचा. अडवणं या अर्थाचा त्यांचा तो शब्द. बाईंनी तो ऐकला आणि हसत सुटल्या. "आपणही तेच म्हणतो की हो! अरे!"

त्या शरदात 'हेतलचं गाव' हरत राहिलं. कधी तीन गोलांनी, कधी पाच. हेतल राखीव खेळाडूंच्या बाकावरसुद्धा नसायची, वर प्रेक्षकांत बसायची. सामना दिसायचा तेव्हा बाई खेळापेक्षा त्या गर्दीतच डोळे बारीक करून बघत. "ती निळी टोपी... हेतलच ना?" मला काही दिसायचं नाही. मी "हो" म्हणायचो.

डिसेंबरात एकदा मधल्या सुट्टीत फोन आला. बाईंनी स्पीकर लावला होता, त्यामुळे मी ऐकलं. पलीकडून आधी नुसतं हुंदके देणं, मग, "बेन, मारे घेर आववुं छे." घरी यायचंय. थंडी आहे, भाषा येत नाही, कुणी बोलत नाही, खेळायला मिळत नाही, मी इथे का आहे?

मला वाटलं, बाई आता धीर देतील. त्यांनी विचारलं, "आत्ता कुठे आहेस?"

"खोलीत."

"बाहेर बर्फ आहे?"

"नाही. ऊन आहे थोडं."

"मग बूट घाल. फोन खिशात ठेव, बंद करू नको. पळत पळत रड. मी आहे इकडे."

पुढची पंधरा मिनिटं स्टाफरूममध्ये फोनमधून फक्त धापा ऐकू येत होत्या, आणि मधेमधे हुंदका. बाई टेबलावर कोपर टेकून ऐकत होत्या. धापा एका लयीत यायला लागल्या, हुंदके थांबले, तेव्हा म्हणाल्या, "आता ठीक. उद्या याच वेळेला." महिनाभर हे चाललं. हेतल तिकडे पळायची, आणि इकडे बाई डबा न खाता ऐकायच्या.

फेब्रुवारीत पहिल्या गोलकीपरचा गुडघा दुखावला. दुसरी जानेवारीतच क्लब सोडून गेली होती. हेतल उभी राहिली.

पहिल्याच सामन्यात चार गोल झाले. सोमवारी स्टाफरूममध्ये आमचे विज्ञानाचे शिक्षक हळहळले, "चार गोल खाल्ले हो पोरीने."

"दहा आले होते," बाई म्हणाल्या. आणि बाहेर जाऊन त्यांनी फळ्यावर हेतलच्या नावापुढे मोठ्या अक्षरात लिहिलं, सहा अडवले.

तिसरा सामना आम्ही शाळेच्या लायब्ररीत, मोठ्या पडद्यावर पाहिला. शनिवारची संध्याकाळ होती. बाईंच्या संघातल्या मुली होत्या, मी होतो, आणि दुकान बंद करून आलेले हेतलचे वडील होते. ते मागच्या कपाटाला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. एक-एक अशी बरोबरी होती, आणि शेवटच्या काही मिनिटांत समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. मुलींनी डोळे झाकून घेतले. बाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की हेतलच्या शेजारीच उभ्या आहेत असं वाटलं. हेतल जराही हलली नाही. लाथ बसली, मग ती उजवीकडे झेपावली आणि चेंडू तिच्या पंजाला लागून बाहेर गेला.

"आरे!" समालोचक किंचाळला.

बाईंनी शिट्टी वाजवली. लायब्ररीत! एवढ्या जोरात, की खालून शिपाई धावत वर आला. मुली एकमेकींवर कोसळल्या होत्या. मी वळून हेतलच्या वडिलांकडे पाहिलं, तर ते जागेवर नव्हते. बाहेर पाण्याच्या नळाशी तोंड धूत उभे होते. बाई त्यांच्याजवळ गेल्या आणि आपला रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला, आणि म्हणाले, "बेन, ही माझी मुलगी आहे, हे मला आज पटलं." ते गुजरातीत म्हणाले होते. मी आतच होतो, बाईंनी मला नंतर मराठीत सांगितलं.

एखाद्या कथेत यापुढे तो संघ वाचला असता. तो वाचला नाही. शेवटच्या सामन्यात जिंकणं भाग होतं, आणि एक गोल जास्त खाऊन त्या हरल्या. तळाचे दोन संघ खालच्या लीगमध्ये जातात, त्यांत 'हेतलचं गाव' होतं.

उन्हाळी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, म्हणजे निवृत्तीला आलेल्या बाईंच्या नोकरीतल्या जवळपास शेवटच्या दिवशी, त्या पेढ्यांचा मोठा खोका घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. विज्ञानवाल्यांनी पेढा उचलत विचारलं, "जीत्या, बेन?"

"ना. हार्या."

"तो पछी पेंडा शेना?" हरलात, तर मग पेढे कसले?

बाईंनी खोका टेबलावर ठेवला. त्यांना भाषण करायची सवय नव्हती. निरोप समारंभही नको म्हणून त्यांनी आधीच कळवलं होतं. खिडकीबाहेरच्या मैदानाकडे हात करून त्या म्हणाल्या, "फ्रान्सच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये सात सामने आपल्या शाळेची मुलगी गोलमध्ये उभी होती. सगळ्या मैदानांवर तिथे हिरवळ असते म्हणे. ही त्या समोरच्या मातीत पडायला शिकली. घ्या, अजून एक घ्या."

विज्ञानवाल्यांनी मुकाट्याने दुसरा पेढा घेतला. मी तीन खाल्ले.

जूनमध्ये हेतल घरी आली. क्लबने तिला ठेवून घेतलं होतं, तिसरी म्हणून नव्हे, पहिली म्हणून. मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत हारतुरे झाले, फोटो झाले. बाई तिकडे फिरकल्या नाहीत. "गर्दी ओसरली की ये," एवढा निरोप होता. दोन दिवसांनी ती अकोट्याला निघाली, तेव्हा मलाही ओढून घेऊन गेली.

बाईंनी बासुंदी केली होती. हेतलने वाकून नमस्कार केला. मला वाटलं, आता पाठीवर हात, शाबासकी, डोळ्यांत पाणी. बाईंनी तिला खांद्यांना धरून नीट बघितलं, बारीक झालीस म्हणाल्या, वाटी हातात दिली आणि तिच्यासमोर बसल्या.

"शेवटचा सामना. दुसरा गोल. तू पुढे का आलीस?"

बाईंच्या हाताखाली हेतल मराठीही शिकली होती, निदान ओरडा खाण्यापुरतं. "वाटलं, पोचेन."

"पोचलीस?"

"नाही."

"कुठे होतीस तू, आणि ती कुठून आली? दाखव."

हेतलने वाटी बाजूला ठेवली. दोघींनी मिळून टीपॉय भिंतीला लावला, तो झाला गोल. फुलदाणी झाली हेतल. साखरेचा डबा ती पुढे धावत आलेली फ्रेंच मुलगी. निवृत्त झालेल्या बाई सतरंजीवर गुडघ्यांवर बसून डबा सरकवत होत्या आणि विचारत होत्या, "इथून? की अजून डावीकडून?" हेतल पालथी पडून, एक डोळा मिटून, फुलदाणीच्या मागून अंदाज घेत होती. "बेन, ती अजून लांब होती. मी दोन पावलं लवकर निघाले."

"किती?"

"दोन."

"मग एकदा परत कर."

मी माझी वाटी संपवली, मोरीत ठेवून आलो आणि "निघतो मी" म्हणालो. कुणी वर पाहिलं नाही. दार हळूच ओढून घेतलं, तेव्हा बाईंनी साखरेचा डबा पुन्हा मागे नेला होता आणि हेतल फुलदाणीवर हात ठेवून थांबली होती.