कडकला श्वास पुरेना

आमच्या लाँड्रीत तिला सगळे कडक म्हणायचे. एक तर तिची इस्त्री कडक, आणि बोलणंही तसंच. गिऱ्हाईक शर्टावरचा डाग आमच्या माथी मारायला लागलं की ती शर्ट उजेडात धरायची आणि म्हणायची, "हा डाग जेवणाचा आहे. आम्ही कपडे धुतो, वाढत नाही." गिऱ्हाईक मुकाट्याने निघून जायचं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर घड्या घालायचे. ती इस्त्री करून कपडा सरकवायची, मी घडी घालून पिशवीत भरायचे. इतकी वर्षं शेजारी उभं राहिल्यावर माणसाच्या पाठीवरूनसुद्धा कळतं, आज काहीतरी बिनसलंय.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. तिचा नवरा आमच्याच लाँड्रीची गाडी चालवायचा, घरोघरी कपडे पोचवायचा. माणूस भारी बोलघेवडा. ही बातमी त्याने कपड्यांबरोबर दारोदार पोचवली. "अहो, जरा धीर धरा, अजून कशात काही नाही," असं ती त्याला दटावायची, पण ते म्हणताना तिची इस्त्री जरा हळू फिरायची.

सातवा महिना लागला आणि तिला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग चादर झटकताना, मग नुसतं उभ्या उभ्या बोलताना. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "पोट वर सरकलं की दम लागतोच. आम्ही काय वेगळं केलं?" पाय सुजले, तर सगळ्यांनी उभ्याच्या कामावर ढकललं. चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा येणारी-जाणारी प्रत्येक बाई म्हणायची, "तेज आलंय हो, गरोदरपण मानवलंय हिला." मलाही तसंच वाटलं होतं.

मग उजव्या बाजूला, बरगडीच्या खाली दुखायला लागलं. पित्त झालं असेल म्हणून ती थंड दूध पिऊन पाहायची. आडवं पडलं की जीव गुदमरतो, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते, असं एकदा सहज बोलून गेली. तपासणीची तारीख उलटून गेली होती. "एवढं हॉटेलच्या कपड्यांचं काम संपलं की जाते," म्हणाली.

तेच काम चालू असताना, दुपारी, तिने मान वर केली आणि विचारलं, "दिवा कोण चालू-बंद करतंय?"

मी वर पाहिलं. दिवा नीट जळत होता.

"कुणी नाही गं. का?"

"डोळ्यांसमोर काहीतरी चमकतंय." आणि ती तशीच उभी राहिली, टेबलाची कड धरून. इस्त्री टेबलक्लॉथवर तशीच टेकलेली. मला करपल्याचा वास आला. तिच्या हातून आजवर एक रुमाल जळला नव्हता. मी धावत जाऊन इस्त्री उचलली, तर तिचं तिकडे लक्षच नव्हतं. दुसरा हात तिने बरगडीखाली दाबून धरला होता.

"खूप... दुखतंय," ती म्हणाली. "श्वास... पुरत नाही."

एका दमात दोन शब्दांच्या वर तिला बोलता येत नव्हतं. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या नवऱ्याला फोन लावला. गाडी चालवताना तो फोन उचलत नसे. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. शेवटी त्याने उचलला आणि नेहमीच्या थाटात म्हणाला, "काय, आमच्या साहेबांनी आज कुणाला झाडलं?"

"गाडी घेऊन या. आत्ताच्या आत्ता. हिला दवाखान्यात न्यायचंय."

तो आला तेव्हा त्याने वाटेतून आईलाही घेतलं होतं. सासूबाई घरच्याच चपलांत, केस न विंचरता आलेल्या. तिला गाडीत आडवं करायला गेलो, तर ती घाबरून आमचे हात झटकायला लागली. आडवं व्हायचंच नव्हतं तिला. मग मागे, टांगलेल्या कोटांच्या आणि साड्यांच्या मधोमध ती बसली, वरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी तिच्या पाठीला टेकू दिला. प्रत्येक श्वासाला घशातून घरघर यायची. सासूबाईंनी तिच्या पायावर हात ठेवला, मग अंगठा जरा दाबून पाहिला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. सासूबाई त्या खड्ड्याकडे बघत बसल्या.

तिचा नवरा सबंध वाटेत एक अक्षर बोलला नाही. त्याला गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

हॉस्पिटलात नर्सने तिच्या दंडाला पट्टा बांधून दाब मोजला. आकडा पाहिला. दुसऱ्या दंडाला बांधून पुन्हा मोजला, आणि तशीच पळत बाहेर गेली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुणच होत्या. त्यांनी आधी पलंगाचं डोकं वर करायला लावलं, नाकाला ऑक्सिजन लावला आणि मगच विचारलं, "बाळ हलतंय का?"

कडकने आठवायचा प्रयत्न केला. "सकाळी... हललं. नंतर... माहीत नाही."

त्यांनी पोटावर यंत्र ठेवलं. नुसतीच खरखर. यंत्र जरा डावीकडे सरकवलं. खरखर. खाली नेलं. कडकचे डोळे छताला लागलेले, आणि माझ्या मनगटात तिची नखं रुतलेली. मग कुठूनतरी, घोडा दौडत यावा तसे ठोके ऐकू आले.

"ठोके आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही. नवऱ्याला आणि सासूबाईंना बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "रक्तदाब भयंकर चढलाय. त्यामुळे लिव्हरला सूज आलीय, म्हणून बरगडीखाली दुखतंय. फुप्फुसात पाणी साठतंय, म्हणून धाप. हे पित्त नाही. कुठल्याही क्षणी फिट येऊ शकते. आधी औषधांनी दाब खाली आणते, मग बाळ बाहेर काढावं लागेल."

"पण अजून दिवस भरले नाहीत," नवरा म्हणाला.

"माहीत आहे. थांबलो तर दोघंही जातील."

"आणि काढलं तर?"

"प्रयत्न करू." आणि त्या औषधं द्यायला वळल्या.

मी पलंगापाशीच होते. कडकला सगळं ऐकू गेलं होतं. तिने मला जवळ ओढलं. "मला... भीती वाटतेय," ती म्हणाली. लहान मुलीसारखा आवाज. तेवढ्यात सासूबाई आल्या, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "मलाही वाटतेय गं. पण मी इथेच आहे, दारापासून हलणार नाही. तू बाकी कसला विचार करू नकोस. नुसता श्वास घे."

आणि खरंच, तिला आत नेल्यावर त्या दाराला लागून उभ्या राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. आम्ही तिघं कान देऊन ऐकत होतो, रडण्याचा आवाज येतो का म्हणून. आला नाही. दार उघडलं आणि कुणीतरी काहीतरी झाकलेलं घेऊन भराभर समोरच्या खोलीत गेलं. मागून आलेली नर्स म्हणाली, "मुलगी आहे. फार लहान आहे. श्वासाला मदत लागतेय."

"आणि ही?" नवऱ्याने विचारलं.

"अजून काही सांगता येत नाही."

ते पुढचे दिवस कसे गेले ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. दाब उतरायचा, पुन्हा चढायचा. सुई टोचली तिथलं रक्त थांबेना. मग हळूहळू लघवीवाटे अंगातलं पाणी उतरायला लागलं, चेहऱ्यावरचं ते तथाकथित तेज ओसरलं आणि आतून आमची जुनी कडक दिसायला लागली, हाडकुळी, निस्तेज. एका सकाळी ती उशीवर डोकं ठेवून सपाट झोपलेली मला दिसली. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

पण मुलीला बघायला ती जाईना. चाकाची खुर्ची दारात आणून ठेवली, तरी मान फिरवायची. "नको. एकदा पाहिलं आणि मग काही झालं तर?" कुणी जबरदस्ती केली नाही. सासूबाई रोज काचेपाशी उभ्या राहायच्या आणि परत येऊन, न विचारता, सांगायच्या. "आज नळी काढलीय." "आज जांभई दिली. तोंड एवढंसं, जांभई ही एवढी मोठी."

त्या जांभईनंतर ती उठली. मी खुर्ची ढकलत नेली. काचेच्या पेटीत मुठीएवढं डोकं, कागदासारखी कातडी, श्वासागणिक आत ओढल्या जाणाऱ्या बरगड्या. कडक कितीतरी वेळ त्या बरगड्याच मोजत असल्यासारखी बघत राहिली. इतक्यात मुलगी शिंकली. कडक किंचाळलीच, "नर्स! नर्स, हिला काय झालं बघा!"

"शिंकली," नर्स शांतपणे म्हणाली. "शिंकू द्या की."

मुलगी आता चालते, पडते, दिसेल ते तोंडात घालते. कडक कामावर परत आलीय, दाबाची गोळी घेते आणि उंच स्टूलवर बसून इस्त्री करते. लाँड्रीत कुणी गरोदर गिऱ्हाईक आलं की आधी तिची तपासणी झाली का विचारते, मग कपडे घेते. लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

भीती मात्र गेलेली नाही. परवा तिच्या घरी गेले तर मुलगी चटईवर दुपारची गाढ झोपली होती. आम्ही गप्पा मारत होतो, आणि बोलता बोलता, मधेच, कडकचा हात मुलीच्या छातीवर जाऊन थांबायचा. वर-खाली होतंय एवढं बघायचा आणि परत यायचा. कडकच्या ते लक्षातही नव्हतं.