काजव्यांच्या झाडाखाली बोटभर अक्षरं

"शक्यता नाकारता येत नाही" एवढं लिहायचं राहिलं होतं आणि भिंत संपली होती.

शिडीवरूनच मी डॉक्टरांना फोन लावला. काजवे वाचवणाऱ्या आमच्या संस्थेचे ते शास्त्रज्ञ. मी तिथला पेंटर. आठवीत शाळा सोडून हिंगोलीहून इकडं आलो. त्यांनी काम दिलं, भिसेगावात खोली बघून दिली. उपकार आहेत. म्हणून तर फोन करण्याआधी वाक्य दोनदा घोकायचो.

"सर, मजकूर कमी करू का? 'गाडीचे दिवे बंद करा, काजवे बघा.' बस."

"ती जाहिरात झाली. आपण सायन्स कम्युनिकेट करतोय. अक्षरं बारीक कर."

मजकूर असा होता: 'कृत्रिम प्रकाशामुळे काजव्यांच्या प्रजननकालीन संदेशवहनात व्यत्यय येण्याची शक्यता नाकारता येत नाही.' अर्थ एवढाच, की नर-मादी चमकून एकमेकांना शोधतात. उजेड पडला की भेट होत नाही, मग पुढच्या वर्षी काजवे कुठून येणार? पण या एका वाक्यासाठी तीन शास्त्रज्ञांच्या मीटिंगा झाल्या. एकाला 'व्यत्यय' हवा, दुसऱ्याला 'अडथळा'. तिसरे फक्त चहा सांगत.

आमच्या धंद्यात आधी सूत मारतात, म्हणजे निळीत बुडवलेला दोरा ताणून भिंतीवर सरळ रेघ उठवतात. दोन रेघांत जेवढं अंतर, तेवढं अक्षर. वीतभर अक्षरं पुसून मी बोटभर केली. वाक्य बसलं.

भिंत कडाव गावाच्या पुढं, रस्त्याकडेला राहणाऱ्या सुमनमावशींची. वर त्यांचं ऐनाचं झाड, दर वर्षी काजव्यांनी लखलखणारं. शनिवारी अंधार पडला तशी काजवे बघायला येणाऱ्या पाहुण्यांची पहिली गाडी आली. भिंतीवर काहीतरी लिहिलंय, पण वाचता येईना. ड्रायव्हरनं गाडी वळवून हेडलाइटचा अप्पर मारला. मागच्यांनीही मारला. मोबाइलचे टॉर्च निघाले. लोकांनी मोठ्यानं वाचलं, हळहळले. वर झाड काळं ठिक्कर.

मावशी बाहेर आल्या. "काय लिवलंयस रं? दिवं लावा म्हनून?"

"नाही मावशी, बंद करा म्हणून."

"मंग लावत्यात कशाला?"

"वाचायला."

"पूस ते. झाड माजं हाय, भिंत पन माजीच."

मी पुन्हा डॉक्टरांना फोन केला.

"लोक थांबून वाचतायत? वा! फोटो पाठव."

"सर, झाडावर एकही काजवा नाही."

"एका झाडावरून निष्कर्ष काढता येत नाही. तू फोटो पाठव आधी."

पाठवला. सकाळी कुणाला न विचारता भिंत पांढरी केली आणि हातभर अक्षरांत लिहिलं: दिवे बंद करा. त्या आठवड्यात झाडावर थोडे काजवे आले. दर वर्षीइतके नाहीत.

नोकरी टिकली, कारण भिंत बघायला संस्थेतून कोणी आलंच नाही. डॉक्टर तो फोटो घेऊन परिषदेला गेले होते. स्लाइडवर मथळा होता 'उत्स्फूर्त लोकसहभाग'. टाळ्या पडल्या म्हणे.

मी धडा घेतला: वाचायला गाडी थांबवावी लागेल असं अक्षर काढू नये. आणि आधी फोटो पाठवावा, मगच भिंत पुसावी.