बारा आणि तीन, एकशे तेवीस

लातूरला त्या वर्षी टँकरची वाट बघण्यातच दिवस जायचा. माझा कॉम्प्युटरचा क्लासही पाण्यावाचून बंद पडला, तेव्हा आईनं माझी बॅग भरली आणि मला नांदेडला मावशीकडे धाडलं. जिल्हाच काय तो बदलला होता, पण पहिले काही दिवस माझा जीव रमला नाही.

मावशीची खानावळ होती. कॉलेजची बारा मुलं-मुली रोज तिच्याकडे जेवायची. आयतं खायची मला लाज वाटायची, म्हणून मी तिच्या मोबाइलसाठी हिशेबाचं एक छोटं वेबपान तयार केलं. एका रकान्यात नेहमीची माणसं, दुसऱ्यात आज न येणारी. बटण दाबलं की किती जणांचं रांधायचं ते दिसायचं. मावशी खूश होती. "आता बोटांवर मोजायला नको," म्हणायची.

मग लातूरहून तीन मुली आल्या. तिकडचं हॉस्टेल पाण्यापायी रिकामं झालेलं. मावशीनं त्यांना लगेच हो म्हटलं आणि मी पानावर 'नवीन' असा तिसरा रकाना वाढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. "अगं ए, हिकडं ये! हे काय दाखवून राहिलंय?"

तिनं बारा, तीन आणि गावी गेलेले दोन असे आकडे भरले होते. पडद्यावर उत्तर होतं एकशे एकवीस.

"एवढी वरात कुठं बसवू मी?" मावशी परातीत पीठ घेता घेता थांबली होती.

मी तिच्याकडून मोबाइल घेतला. तिथंच ओट्याला टेकून मी पुन्हा आकडे भरले. बारा आणि तीन, एकशे तेवीस. बारा वजा तीन, बरोबर नऊ. वजाबाकी चालते आणि बेरीज नाही, हे कसं? बराच वेळ प्रोग्राम चाळल्यावर डोक्यात उजेड पडला.

"मावशी, रकान्यात तू जे लिहितेस ना, ते मशीनला आकडा वाटत नाही. पाटीवर काढलेली अक्षरं वाटतात. अधिकचं चिन्ह दिसलं की ते अक्षरं शेजारी शेजारी चिकटवतं. एक, दोन आणि पुढं तीन. झाले एकशे तेवीस."

"आणि वजाला?"

"अक्षरातून अक्षर वजा कसं करणार? म्हणून तिथं ते न विचारता अक्षरांचा आकडा करून घेतं. एकशे तेवीसातून दोन गेले."

मावशी हसली. "म्हणजे आजवर कुणी वाढलंच न्हाई, म्हणून चूक कळली न्हाई."

खरंच होतं. आजवर माणसं कमीच होत आली होती, बेरजेची वेळ पहिल्यांदाच आली होती. प्रत्येक रकान्यातलं आधी आकड्यात बदलून घ्यायचं आणि मगच बेरीज करायची, असं मी लिहिलं. उत्तर आलं तेरा.

"आणि मी 'बारा' असं अक्षरात लिहिलं तर?" मावशीनं विचारलं.

"तर ते म्हणेल, हा आकडाच नाही."

"एवढं तरी कळतंय की त्याला!" म्हणत तिनं पिठात हात घातला.

त्या सकाळी घर सोडल्यापासून पहिल्यांदा मला मोकळं वाटलं. चूक का झाली हे मला मावशीला सांगता आलं होतं, आणि तिला ते पटलंही होतं. क्लास बंद पडला तरी शिकणं बंद पडलं नव्हतं.

दुपारी त्या तीन मुली पहिल्यांदा जेवायला बसल्या. मावशीनं भाकरी, वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. जेवण झाल्यावर एकीनं नळ अगदी बारीक सोडला आणि हात धुतलेलं पाणी खाली भांडं धरून साठवलं. दुसरीनं भांडं हातात घेतलं. घरी मीही हेच करायची.

मावशी त्यांच्याजवळ गेली. "हितंही पाणी जपूनच वापरतो आम्ही, पण हात धुण्यापुरतं हाय. नीट धुवा," ती म्हणाली, आणि भांड्यातलं पाणी दारातल्या कढीपत्त्याला घालून आली. "उद्या काय खाणार, ते सांगून जा."

तिघी एकमेकींकडे बघून पहिल्यांदाच हसल्या. एक जण म्हणाली, "मावशी, पिठलं."