साहेबाच्या फरशीचं वाण

मानोरा गावाच्या बाहेर, डांबरी रस्ता मेथीच्या वाफ्यांपाशी येऊन अरुंद होतो, तिथे चंपत आणि सीताबाईचं घर आहे. घर म्हणजे धरणाच्या कामावर आलेल्या कुण्या इंजिनियर साहेबासाठी बांधलेला जुना क्वार्टर. काम संपलं, साहेब गेले, आणि बारा वर्षांपूर्वी लिलावात तो चंपतला मिळाला. चंपतने विहीर जवळ आहे म्हणून घेतला. सीताबाईने आत पाऊल टाकलं, खाली पाहिलं आणि मग मान डोलावली.

खाली फरशी होती. शहाबादी नाही, मार्बल नाही. तळहाताहून थोडे मोठे, पातळ, चॉकलेटी चौकोन, एकमेकांना घट्ट चिकटलेले. तशी फरशी गल्लीत कुणाकडे नव्हती, मानोऱ्यातही कुणी पाहिली नव्हती. सीताबाई तिला ‘साहेबाची फरशी’ म्हणे. तिच्यावर ती कधी झाडू फिरवू देत नसे, ओरखडे पडतील म्हणून. रोज सकाळी बाजाराला जाण्याआधी ओल्या फडक्याने पुसायची. दुपारी बाजारात पालकाच्या जुड्यांवर पाणी शिंपडताना शेजारणीला सांगायची, आमच्या घरी पाय ठेवला की माणसाला आपोआप चपला काढाव्या वाटतात.

जीभ तशी तिची धारदार. शिवाय गल्लीतल्या रीतिभातींचा निकाल तिच्याकडेच लागायचा. ओटी कशी भरायची, कुणाच्या घरी आधी जायचं, सुतक कुणाला लागतं, सगळं बायका तिलाच विचारत. मागच्या संक्रांतीला रुखमाबाईने वाण दिलेली प्लास्टिकची गाळणी चिरलेली निघाली, म्हणून ती बिचारी बदलून द्यायला निघाली होती. सीताबाईने तिला भर चौकात थांबवलं आणि सांगितलं की एकदा पदरात पडलेलं वाण परत घेणं म्हणजे दिलेलं सवाष्णपण परत मागणं. रुखमाबाई बदलीच्या नव्या गाळण्यांचा ढीग घेऊन घरी परतली. तेव्हापासून दोघींत रामराम होता, बोलणं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीच्या कोपऱ्यात पाणी मुरलं आणि अकरा चौकोन सुटले. चंपतने खुरप्याच्या टोकाने ते अलगद उचलून ठेवले. फेकायचं सीताबाईच्या जिवावर आलं. संक्रांत आली तेव्हा तिला सुचलं. अकराही चौकोन सोड्याने धुतले, पुसले, आणि हळदीकुंकवाला आलेल्या अकरा बायकांच्या पदरात तिळगुळासोबत एकेक घातला. तांब्याखाली ठेवा, दिव्याखाली ठेवा. साहेबाच्या घरातलं वाण आहे, जपून वापरा.

चौथ्या दिवशी सून आली. तनुजा आणि मुलगा मुकेश अकोल्याला राहतात. तनुजाने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे आणि जुन्या सरकारी इमारती दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराकडे ती सुपरवायझर आहे. लग्नाला सातच महिने झाले होते. संक्रांतीला सुटी मिळाली नाही, म्हणून आता आली होती. मागच्या खोलीत पिशवी ठेवायला गेली आणि कोपऱ्यातला, फरशी चिकटवायचा उघडा काळा थर पाहून तिथेच उकिडवी बसली. हात मात्र लावला नाही.

चहा पिताना तिने सांगितलं. अशाच चौकोनांची फरशी, खाली असाच काळा थर, गेल्या महिन्यात तिच्या साइटवर निघाली होती. तपासायला पाठवली तर अ‍ॅस्बेस्टॉस निघालं, सिमेंटच्या पत्र्यात घालत तेच. ही फरशी तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण तपासणी होईपर्यंत तेच आहे असं धरून चालायचं. फरशी धड असेल, जागेवर असेल, तर ती काही करत नाही. फोडली, घासली, खरवडली की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी हिशेब मागतात.

चंपत एवढ्यात खुरपं घेऊन उठला होता. सगळी आजच काढतो म्हणाला. तनुजाने त्याच्या हातातलं खुरपं घेतलं आणि पाठीमागे ठेवून दिलं. काढायची नाही, तिने समजावलं. आहे तशी राहू द्यायची आणि वरून नवी टाकायची. उघडा कोपरा ओल्या फडक्याने टिपायचा, फडकंही पिशवीत बंद करायचं.

“आन् आई, एक सांगू का? तुमी झाडू फिरवू नाही दिला, म्हणून आपण वाचलो.”

सीताबाईला हे कौतुक आवडलं असतं. पण तनुजाने लगेच विचारलं, सुटलेले चौकोन कुठे आहेत. चंपतने चहाच्या कपात पाहिलं. सीताबाईने वाणाचं सांगितलं तेव्हा तनुजाने कप खाली ठेवला. मग म्हणाली की अकराच्या अकरा परत आले पाहिजेत. त्यातला एक जरी कुणी फोडला तरी ते दुखणं आपण दिलेलं असेल.

सीताबाईला रात्रभर झोप आली नाही. वाण परत मागायचं, तेही तिने. आणि कारण काय सांगायचं? की बारा वर्षं जिचा तोरा मिरवला, ती फरशी वाईट आहे?

सकाळी ती निघाली आणि पहिल्याच दारात तोंडातून भलतंच निघालं. नागपूरहून साहेबाची मुलगी आली आहे, वडिलांची आठवण म्हणून फरशा मागते आहे. गोष्ट चांगली जमली होती. म्हणून तिने ती अकरा दारांत सांगितली.

दुपारपर्यंत गल्लीत साहेबाची मुलगी मोटारीतून आली होती. संध्याकाळपर्यंत तिने एका फरशीमागे भलतीच रक्कम देऊ केली होती. तुळसाबाईने आपला चौकोन कणगीत, ज्वारीच्या तळाशी दडवला. सोनीबाईने सांगितलं की तिचा बकरीने खाल्ला. परत एकही आला नाही. उलट दिवेलागणीला चंपत बातमी घेऊन आला की फरशीच्या पाठीवरच्या काळ्या थरात साहेबाने काहीतरी मोलाचं लपवलंय असं लोक म्हणतात, आणि रुखमाबाईने तर पाटा-वरवंटा अंगणात काढून ठेवलाय. सकाळी उन्हात नीट पाहून फोडणार आहे.

 तनुजाने जाड प्लास्टिकच्या पिशव्या, टेप आणि चार मास्क काढून ओट्यावर मांडले. सीताबाईने भाजीवर पाणी शिंपडायची, झाकणाला छिद्रं पाडलेली बाटली भरून त्यांच्या शेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बाहेर पडली. या वेळी तिने खरं सांगितलं. प्रत्येक दारात तेच, कमी-जास्त न करता. पहिल्या दारात अडखळली, तिसऱ्या दारात सरळ बोलली. मागून तनुजा मास्क लावून येत होती. चौकोनावर पाणी शिंपडायची, हलवता-आपटता न देता पिशवीत घालायची, त्यावर दुसरी पिशवी, मग टेप. सुनेचा मास्क पाहून गल्लीला जेवढं पटलं तेवढं सासूच्या बोलण्याने पटलं नसतं. तुळसाबाईने अर्धी कणगी उपसली. सोनीबाईच्या बकरीच्या पोटातला चौकोन फळीवरच्या डब्यामागे सापडला. दहा झाले. सगळ्यांत जड दार सीताबाईने शेवटी ठेवलं होतं, आणि तोवर ऊन अंगणात उतरलं होतं.

रुखमाबाई अंगणातच बसली होती. पाट्यावर चौकोन पालथा, हातात वरवंटा.

“काल साहेबाची पोरगी होती, आज जहर हाये,” ती म्हणाली. “उद्या काय राहीन, सीताबाई?”

“काल म्या खोटं बोलली.”

“कायले?”

सीताबाईने आजूबाजूला पाहिलं. कुंपणापलीकडे चार-पाच बायका हातातलं काम विसरून उभ्या होत्या. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. वरवंटा मात्र अजून वरच होता.

“लाज वाटली मले,” ती म्हणाली. “माह्या घरची फरशी खराब हाये. बारा वरसं मी तिचं गुणगान करून राह्यली, आन् तेच तुमच्या पदरात टाकलं. मले माहीत नव्हतं. पन टाकलं तं मीच.”

“आन् वान वापस घेनं पाप हाये ना? मले चौकात कोन सांगत होतं?”

“मीच. तुही गाळणी बदलू द्याले पाह्यजे होती. चिरलेलं वान कोनाच्या कामाचं?”

कुंपणाकडून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. रुखमाबाईने वर्षभर या वाक्याची वाट पाहिली असावी. पण ते आलं तेव्हा त्याचं काय करावं ते तिला कळेना. तिने वरवंटा सावकाश, बाजूला, मातीवर ठेवला.

मग आवाज खाली आणून विचारलं, “चार दिवस याच्यावर देवाचा दिवा ठेवला मी. मले काही होईन का?”

रीतिभातींवर निकाल देणाऱ्या सीताबाईला या प्रश्नावर काही ठणकावून सांगता आलं असतं. तिने सुनेकडे पाहिलं. धड असताना नुसतं काही ठेवलं तर घाबरायचं कारण नाही, तनुजा म्हणाली, फोडला नाही हेच बरं झालं. रुखमाबाईने पदर सावरला. सीताबाईने स्वतः बाटली घेतली आणि चौकोनावर पाणी शिंपडलं, बाजारात कोवळ्या मेथीवर शिंपडावं तसं, हलक्या हाताने. तनुजाने तो उचलून आत घातला. टेप गुंडाळताना पिशवीचं तोंड कुणीतरी धरायला हवं होतं. रुखमाबाईने ते धरलं.

अकरा झाले. तनुजाने नगरपंचायतीत फोन लावला होता. तिथल्या माणसाने आधी हे काय असतं ते विचारून घेतलं, मग अर्ज द्या म्हणाला. कुठे न्यायचं ते कळेपर्यंत पिशव्या मागच्या बंद न्हाणीघरात कुलपात राहणार होत्या.

“रुखमा,” निघता निघता सीताबाई म्हणाली, “रथसप्तमीले अजून येळ हाये. उद्या ये घरी. दुसरं वान देतो तुले.”

रुखमाबाई पिशवीकडे पाहत होती.

“येतो,” ती म्हणाली. “पन दुकानातून आनलेलं दे. तुह्या घरचं नको.”